बसल्या मापाची पॅन्ट

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्याने काढली त्याने शिडीताईला पाहिलं नसणार. तिचे पाय कुठल्याही अंथरुणाच्या बाहेरच असायचे. शाळेत कुणीतरी तिला ‘शिडी’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की पुढे ती बस चालवायला लागली तरी डेपोतल्या माणसांनी नुसतं मागे ‘ताई’ जोडून तेच चालू ठेवलं. तिला त्याचा राग नव्हता. राग होता कपड्यांचा. बायकांची पॅन्ट घ्यावी तर ती पोटरीवरच थांबायची, पुरुषांची घ्यावी तर कमरेत आणखी एक शिडीताई मावली असती. आणि बाह्यांची नि मनगटाची तर जन्मात कधी भेट झाली नव्हती.

गणवेशाची नवी पॅन्ट मिळाली तीही आखूडच. ती घेऊन शिडीताई डेपोसमोरच्या शिंपीमास्तरांकडे गेली. मास्तरांनी पायाची दुमड उलटून पाहिली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“सोडू काय, माझं डोकं? आत मायाच नाही.”

“माया?”

“शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया. ती असली तर कपडा वाढवता येतो. ह्या कारखान्यातल्या कपड्यांना माया नसते, बाई.”

“मग मी काय करू?”

“एक तर उंची कमी करा,” मास्तर म्हणाले, “नाही तर शिवायला शिका.”

मास्तर थट्टेत बोलले होते, पण शिडीताईने ते मनावर घेतलं. वरच्या मजल्यावरच्या काकू घर बदलून चालल्या होत्या आणि त्यांच्या गॅलरीत एक जुनं काळं शिलाई मशीन धूळ खात पडलं होतं. “न्यायचं तर ने, मला काही ते उचलवत नाही,” काकू म्हणाल्या. शिडीताईने ते तान्ह्या पोरासारखं कडेवर घेतलं आणि खाली आणलं. मशीन पोरापेक्षा बरंच जड होतं, पण काकूंसमोर तिने चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही.

पहिलं काम तिने केलं ते स्वतःच्या रजईचं. पायाकडच्या बाजूला तिने जुन्या पडद्याची एक रुंद पट्टी जोडली. शिलाई अशी गेली होती, की रस्त्याने झोकांड्या खात निघालेला माणूससुद्धा तिच्यापेक्षा सरळ चालला असता. दोरा मध्येच गुंतून त्याच्या गाठी झाल्या होत्या. पण झोपल्यावर तिचे पाय झाकले गेले, आणि ही मजा तिने आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली.

त्यानंतर मात्र तिने थांबायचं नावच घेतलं नाही. उशीचे अभ्रे शिवले, ते इतके घट्ट झाले की उशी आत घालायला तिला आणि नवऱ्याला दोन बाजूंनी झटापट करावी लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदे शिवले. कापड आधी भिजवून घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या धुण्यातच पडदे आटले आणि खिडकीच्या निम्म्यावर लोंबकळायला लागले.

नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी घरी येऊन आडवा व्हायचा आणि नेमकं तेव्हाच मशीन खडखडायचं. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” तो उशीत तोंड खुपसून म्हणायचा.

“तुझा पहिला पाव कसा झाला होता?” शिडीताई मशीनवरून मान न उचलता विचारायची.

तो उशी डोक्यावर ओढून घ्यायचा. त्याचा पहिला पाव दगडासारखा झाला होता आणि तो त्यानेच तिला लग्नाआधी मोठ्या प्रेमाने खायला दिला होता.

शर्ट शिवताना तिने दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. उजव्या मुंढ्यात डावी बाही कशीही फिरवली तरी हात मागे वळल्यासारखा दिसायचा. ती ते धूड घेऊन मास्तरांकडे गेली. मास्तर पोट धरून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, “तुमचा आवडता जुना शर्ट असेल ना, तो उसवा. सगळे तुकडे सुटे करा आणि जमिनीवर मांडून बघा. मी माझ्या वडिलांचा कोट असाच उसवला होता. मार खाल्ला, पण कोट कळला.”

शिडीताईने शर्ट उसवला, तुकडे कागदावर ठेवून आखले, बाहीला आणि पाठीला हवी तेवढी उंची वाढवली. तिसरा शर्ट झाला तेव्हा बाही मनगटापर्यंत आली. पुढे पॅन्ट झाली, ती थेट टाचेपर्यंत. डेपोत ती नवा गणवेश घालून गेली त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, कारण नीट बसलेल्या कपड्यावर बोलण्यासारखं काही नसतंच. तरी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरात तिच्याबरोबर तिचे बाबा राहायचे. बाबा रंगारी. निम्म्या शहराच्या खिडक्या त्यांनी रंगवलेल्या. एके दिवशी परांचीची फळी सुटली, ते खाली पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून चाकांची खुर्ची. पण बाबा खचणाऱ्यातले नव्हते. हातांच्या जोरावर खुर्ची चालवत चौकात जायचे. तिथे त्यांचे जुने सोबती झाडाखाली बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या रंगाला नावं ठेवायचे. म्हणजे इमारती जायच्या-यायच्या नाहीत, पण ह्यांच्या बोलण्यात त्यासुद्धा सुटायच्या नाहीत.

हल्ली मात्र बाबांनी चौकात जाणं सोडलं होतं. विचारलं की म्हणायचे, “कंटाळा आला त्या म्हाताऱ्यांचा.”

एकदा खाली पडलेलं वर्तमानपत्र उचलायला ते खुर्चीतून वाकले, आणि शिडीताईला कारण कळलं. मागून शर्ट वर गेला, पॅन्ट खाली सरकली, पाठीचा खालचा भाग उघडा पडला. पुढे पोटावर मात्र कापडाचं बोचकं झालं होतं. बाबांनी झटकन हात मागे नेऊन शर्ट ओढला. वळून पाहिलं तर लेक बघत होती. 

दुसऱ्या दिवशी सिग्नलला बस उभी असताना शिडीताईच्या पोटात पॅन्टचा पट्टा रुतला. रोजच रुतायचा. सवयीने तिने मागून पॅन्ट वर ओढली आणि तिचा हात तसाच राहिला. आपण तरी दुसरं काय करतो? दिवसभर बसूनच तर असतो! आणि मापं मात्र घेतो ती उभ्याची. मागची गाडी भोंगा वाजवायला लागली तेव्हा कुठे तिला सिग्नल सुटलेला दिसला.

फेरी संपल्यावर ती विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसली आणि मोजपट्टीने स्वतःचीच मापं घ्यायला लागली. कमरेपासून मागे बाकापर्यंत, मग पुढून, मग गुडघ्यावरून घोट्यापर्यंत. दुसऱ्या फेरीचे ड्रायव्हर अण्णा डबा खात होते, त्यांचा घास हातातच राहिला.

“ताई, ठीक आहे ना सगळं?”

“अण्णा, बसल्यावर माणूस मागून वाढतो आणि पुढून कमी होतो. माहीत होतं तुम्हाला?”

“पुढून कमी?” अण्णांनी आपल्या पोटाकडे बघितलं. “माझं तसं काही होत नाही बुवा.”

घरी आल्यावर ती मोजपट्टी घेऊन बाबांसमोर उभी राहिली.

“बाबा, पॅन्टचं माप घ्यायचंय.”

“मी उभा राहू शकत नाही, विसरलीस का?”

“उभं राहायचंच नाहीये. बसल्याचंच माप हवंय मला.”

बाबांनी मोजपट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पेशंटचे कपडे मी घालणार नाही. आधीच सांगतो. नाडी नको, लेंगा नको.”

“पट्टा लावायची पॅन्ट. पुढे इस्त्रीची घडी. तुम्ही कामाच्या हिशेबाला जाताना घालायचात तशी.”

“मग घे,” बाबा म्हणाले आणि हात वर करून बसले.

चांगलं कापड वाया जायला नको म्हणून पहिली पॅन्ट तिने जुन्या चादरीची शिवली. चादरीवर हाताच्या पंजाएवढी सूर्यफुलं होती. बाबांना ती घातली तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून हसायला लागला.

“असा बागेत जाऊन बसलो तर लोक पाणी घालतील मला,” बाबा म्हणाले, आणि मग तिघंही हसत सुटले. कितीतरी दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं होतं.

हसून झाल्यावर शिडीताई गुडघ्यांवर बसली आणि टाचण्या लावायला लागली. मागचं आसन उंच हवं होतं, पुढचं उतरतं. पाय जास्त लांब हवे होते, कारण बसलं की पॅन्ट वर चढते. मागचे खिसे तिने काढूनच टाकले. बाबांना तिथे काही जाणवत नसे, आणि जाड शिलाईवर दिवसभर बसून जखम होते, असं नर्सने बजावलेलं होतं. मग खिसा कुठे? स्वतः खुर्चीत बसून तिने हात सोडला. हात जिथे आपोआप पडला, तिथे, मांडीवर, खिसा लावला.

दुसरी पॅन्टही चादरीचीच झाली. तिसरीला तिने राखाडी कापड घेतलं. शिवून होत आली तेव्हा बाबांनी ती हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

“इथे रेघ हललीय.”

“कुठे?”

“गुडघ्याच्या वर. उसव.”

“कुणाला दिसणार आहे ते?”

“मला.”

शिडीताईने दात-ओठ खात उसवलं. बाबा खुर्ची मशीनजवळ घेऊन आले. “तू सुईकडे बघत बसतेस, म्हणून हलते. मी रंग देताना कधी ब्रशकडे पाहिलं नाही. रेघ जिथे पोचायची असते तिथे बघायचं. बस चालवताना काय चाकाकडे बघतेस?”

तिने सुईवरची नजर काढली, कापडाच्या पुढच्या टोकावर ठेवली आणि पाय दाबला. शिलाई सुतासारखी सरळ गेली. बाबांनी नुसतं “हं” केलं. त्यांच्याकडून ‘शाबास’ ऐकायला मिळायचं ते एवढंच.

पॅन्ट घालून बाबा पुढे वाकले, कडेला वाकले, पंख्याच्या बटणापर्यंत हात ताणला. मागे हात मात्र नेला नाही. मग म्हणाले, “दार उघड. जरा चौकात जाऊन येतो.”

त्या आठवड्यात शिडीताईची फेरी चौकातून जायची. वळणावर तिला झाड दिसलं आणि झाडाखाली म्हाताऱ्यांचा घोळका. मध्यभागी बाबा. समोरच्या इमारतीच्या गॅलरीकडे बोट करून ते कुणाशी तरी कडाकडा भांडत होते, खुर्चीतून अर्धे पुढे झुकलेले. पाठ झाकलेली होती. तिथे बसथांबा नव्हता, थांबता येत नव्हतं. तिने भोंगा वाजवला. बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना भांडणातून सवड नव्हती. शिडीताईने गाडी पुढे काढली, आणि चौक मागे पडेपर्यंत ती आरशात बघून हसत होती.

मग तिने स्वतःसाठी बसल्या मापाची पॅन्ट शिवली. आठवडाभरात अण्णांच्या लक्षात आलं, की ताई सिग्नलला पट्टा ओढत नाही. अण्णांना कळलं की डेपोत सगळ्यांना कळतंच. जो तो “ताई, माझी पण” म्हणत मागे लागला.

“शिवून देणार नाही,” ती म्हणाली. “शिकवीन.”

“आम्हाला? ह्या हातांनी?” अण्णांनी आपले पंजे पुढे केले.

“ह्याच हातांनी एवढी मोठी बस गल्लीतून काढता ना? सुई काय अवघड आहे?”

आता विश्रांतीच्या खोलीत खिडकीजवळ आणखी एक जुनं मशीन असतं. फेऱ्यांच्या मधल्या वेळात कुणी पिशवी शिवतं, कुणी अभ्रा, कुणी उसवत बसतं. अण्णांनी पहिली पिशवी चारही बाजूंनी शिवून बंद केली आणि वर “चोरांची भीती नको” असं सांगितलं. दुसरीला तोंड ठेवलं. तिच्यातून ते आता डबा आणतात आणि न विचारता सगळ्यांना पिशवी दाखवतात. अधूनमधून शिंपीमास्तर येऊन दारात उभे राहतात, दोन चुका सांगतात आणि जातात.

बाबांच्या आता चार पॅन्ट झाल्यात. त्यांच्या एका सोबत्याचंही माप आलंय, तोही खुर्चीतला. आणि शिडीताईने स्वतःसाठी कोट बेतायला घेतलाय, लोकरीचा, गुडघ्याच्या खालपर्यंत. परवा नवरा त्या ढिगाकडे बघत म्हणाला, “थंडीच्या आत होईल का गं हे?”

“होईल की,” ती म्हणाली. “अस्तर लावायचं तेवढं राहिलंय. जरा ते टोक धर.”

त्याने हाताला लागलेलं पीठ पुसलं आणि टोक धरलं.