विष्णूची कोरी तबकडी

आमचे विष्णुपंत जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांचे दरवाजे डिझाइन करतात आणि घरी आल्यावर तबकड्या जमवतात. जमवतात म्हणजे फक्त जमवतात. ऐकायच्या नाहीत! "सुरुची, सुई फिरली की तबकडी झिजते गं. मग तिला कोरी कोण म्हणणार?" आता बोला! घरात गाण्यांचं कपाट, आणि मी पोळ्या लाटताना फोनवरचं ऐकणार.

एक तबकडी मात्र त्याला जिवापाड हवी होती. एका इंग्लिश रॉक बँडनं एक गाणं नुसतंच सुटं काढलेलं. ते कुठल्या अल्बममध्ये नाही, नेटवरही नाही. होस्टेलवर मित्राच्या कॅसेटवर विष्णूनं ते ऐकलं होतं, तेही अर्धंच. पुढची टेप प्लेअरनं गिळली. तेव्हापासून 'ते संपतं कसं?' हा किडा डोक्यात. मला बघायला आला तेव्हाही हेच बोलत होता. तरी मी हो म्हटलं, कर्म माझं!

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या लीड्सहून तिचं पार्सल आलं. विष्णूनं हात धुऊन ते उघडलं, फोटो काढले आणि तबकडी परत प्लास्टिकात घातली.

"अरे, लाव ना!"

"वेडी आहेस का? इतकी कोरी प्रत कुणाकडे नसेल."

"मग शेवट?"

भुकेल्या माणसासमोर ताट झाकून ठेवावं तसा त्याचा चेहरा.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. नवी वस्तू घरात आली आणि तिला कुंकू नाही? फ्रिज, गाडी, व्हॅक्यूम क्लीनर, कुणीही त्यांच्या हातून सुटलेलं नाही. इथं स्वस्तिक काढायचं नाही हे मी बजावलं होतं, म्हणून आईंनी समजूतदारपणे तबकडी प्लास्टिकातून काढून तिच्यावर ओल्या कुंकवानं ठसठशीत 'श्री' काढला. वर अक्षता. मी खाली तळघरातून धुतलेले कपडे घेऊन वर येईपर्यंत सगळं वाळलंसुद्धा!

संध्याकाळी विष्णूनं ते पाहिलं आणि ओलं फडकं घेऊन बसला. पुसपुस पुसलं, पण श्री काही हटेना. "आई, अगं काय केलंस हे! पार वाट लावलीस!"

"वाट कसली मेली? चांगलं मुहूर्ताचं केलंय. लाव आता."

आता जपायला उरलंच काय होतं? त्यानं सुई टेकवली. सुई श्रीवरून गेली की टक् व्हायचं, आणि आई त्या ठेक्यावर मान डोलवायच्या. शेवटी एकेक वाद्य थांबत गेलं, नुसता गाणाऱ्याचा आवाज उरला, मग तोही थांबला.

विष्णू चक्क रडत होता. "असं संपतं होय," म्हणाला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"छान आहे हो," आई म्हणाल्या. "आता दुसरी बाजू लाव."

विष्णूनं झटकन तबकडी उचलून छातीशी धरली. "छे छे! ती बाजू अजून कोरी आहे!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "सुरुची, तो कुंकवाचा करंडा आण गं."