आतोबांची गाडी आणि मुलुंडच्या बाई

माझ्या आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, नावावर या जगात काहीही नव्हतं, आणि तरी वाकोल्यात त्यांच्याइतका मालकाच्या थाटात वावरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घर आत्याच्या नावावर. लाइट बिल अजूनही त्या खोलीत पूर्वी राहणाऱ्या डिसोझाबाईंच्या नावाने येतं, आणि खालून कोणी "डिसोझा!" अशी हाक मारली की आतोबा "आलो, आलो" करत बनियनवर बाहेर येतात. गॅस त्यांच्या आईच्या नावावर. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सिलिंडर वेळेवर येतो, म्हणून ते नाव बदलायला तयार नाहीत. "म्हातारी वर बसान माझा सैपाकघर चालवता," असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा ते आत्याचंच नाव घालतात.

सही मात्र त्यांची सुंदर आहे, शेवटी मोराच्या शेपटीसारखा फराटा असलेली. ती अर्ध्या वाकोल्याच्या कागदांवर सापडेल, पण खालच्या कोपऱ्यात, साक्षीदार म्हणून. कोणाचं रजिस्टर लग्न असो, कोणाचा भाडेकरार असो, आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून आणि स्वतःचं पेन घेऊन हजर. एका औषध कंपनीच्या स्टोअरमधून ते निवृत्त झाले, त्या आठवड्यात असाच एक करार करून घरी आले, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खूप झाली साक्ष. आता माका गाडी घेवची आसा. नवी. आणि वरच्या ओळीवर माझा नाव."

आत्याने विचारलं, "तुम्हाला चालवता कुठे येते?"

"तुका तरी कुठे येता? पण घर तुझ्याच नावावर आसा ना?"

मग ते मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊ लागले. बॅचमधली बाकी सगळी मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. आतोबा खिशात चणे घेऊन जायचे आणि मागच्या सीटवर वाटायचे, त्यामुळे शिकवणाऱ्यापेक्षा त्यांचाच दरारा जास्त होता. त्यांची चालवण्याची पद्धत अजूनही तीच आहे. कोणी वाट दिली की ते स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडतात. रिक्षावाला शिव्या देत पुढे गेला तर काच खाली करून "सांभाळून जा रे, घरी वाट बघतत" असं त्याला सांगतात.

गाडी त्यांनी थेट शोरूममधून न घेता अंधेरीच्या एका एजंटमार्फत घेतली, कारण एजंट माणूस आहे आणि शोरूम ही काच आहे, असं त्यांचं मत. हा एजंट दोन फोनवर एकाच वेळी बोलायचा आणि दोघांनाही "टेन्शन नका घेऊ" असंच सांगायचा. आतोबांना हवा होता तो रंग मिळायला तीन महिने लागणार होते, आणि आतोबांना गाडी पाडव्याला दारात हवी होती. एजंटने दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, झालं तुमचं काम."

कागद इंग्रजीत म्हणून, इंग्रजी शाळेत शिकलेली भाची या नात्याने पाडव्याला मला बरोबर नेलं होतं. आत्या ओवाळत होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता, एजंट फोटो काढत होता. मी फाइल उघडली, तर मालकाच्या जागी मुलुंडच्या कुठल्याशा बाईंचं नाव. मी "आतोबा" म्हणाले. ते म्हणाले, "पेढा खा." मी पेढा खाल्ला. तेवढ्या माणसांत पुन्हा हाक मारायचं मला जमलं नाही. एजंटला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ती फॉर्मॅलिटी आहे," आणि मी चक्क मान हलवली.

पंधरा दिवसांनी, मी तिथे असतानाच, आतोबांना फोन आला. ते खाली गाडी धूत होते, त्यांनी स्पीकर लावला.

"एजंटने हा नंबर दिला. माझी गाडी तुमच्याकडे आहे का हो?" एका बाईंचा करडा आवाज.

"नाय बाई. माझीच माझ्याकडे आसा. आंघोळ घालतंय तिका."

"मग मला दंड कसले येतायत? तीन आले मोबाइलवर! एकात तर फोटो आहे. गाडी नो पार्किंगमध्ये, आणि एक गृहस्थ बाहेर उभे राहून आरसा पुसतायत!"

"निळो शर्ट?"

"निळाच."

"मग मीच," आतोबा आनंदाने म्हणाले. "बरो इलोय काय फोटो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एजंटकडे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या, हे त्यांनी सांगायच्या आधीच एजंट उठून उभा राहिल्यामुळे कळलं. हकिगत अशी निघाली. बाईंनी मुलासाठी गाडी घेतली होती. मुलगा अचानक परदेशी गेला, म्हणून त्यांनी सौदा मोडला. पैसे परत मिळाले. पण तोवर गाडीची नोंदणी त्यांच्या नावावर होऊन गेली होती, आणि आतोबांना हव्या त्याच रंगाची ती तयार गाडी एजंटने आतोबांचा पाडवा साधायला देऊन टाकली होती.

"काका, गाडी तर तुमच्याच दारात आहे ना?" एजंट म्हणाला. "नाव काय, नुसतं कागदावर असतं."

"म्हणूनच माका कागदावर व्हया!" आतोबा पहिल्यांदाच ओरडले, आणि मग कोणाकडेच न बघता खुर्चीवर बसले. त्यांचं पेन त्यांच्या हातात होतं. मी तेव्हा, बहुधा एजंटच्या टेबलाला उद्देशून, म्हणाले की मी त्या दिवशी वाचलं होतं आणि बोलले नाही. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. "पेढो मीच दिलंय तुका," ते म्हणाले. "तोंडात पेढो असताना बोलतला कोण?"

बाई हे सगळं चष्म्यावरून बघत होत्या. गाडी आतोबांच्या नावावर करायला त्यांच्या सह्या लागणार होत्या, आणि त्या म्हणाल्या, "करीन सही. पण आधी हे तीन दंड भरा, आणि एक महिना माझ्या मोबाइलवर नवा दंड येता कामा नये. आला, तर सही विसरा."

मग तो महिना वाकोल्याने पाहिला. आतोबा सिग्नल हिरवा असतानाही थांबायचे, न जाणो. पांढऱ्या पट्टीच्या इतके मागे थांबायचे की पुढच्या मोकळ्या जागेत दोन रिक्षा येऊन उभ्या राहायच्या. शेवटच्या आठवड्यात तर त्यांनी गाडी कंपाउंडबाहेर काढलीच नाही. सकाळी आत बसून, पट्टा लावून पेपर वाचायचे, आणि आत्या खिडकीतून चहा द्यायची. "चहाचे पैसे द्या, मालक," ती म्हणायची. रोज संध्याकाळी मुलुंडला फोन करून ते हजेरी द्यायचे, "आज काय नाय ना इलेला?" बाईही हळूहळू सही सोडून दुसरं बोलू लागल्या, मुलाचा फोन रविवारी येतो, तिकडे बर्फ आहे, वगैरे. महिना भरला तेव्हा आतोबांनी त्यांना घरून आणलं, आणि सही केल्यावर घरी सोडलं. पूर्ण रस्ताभर बाई मागून "डावीकडून, डावीकडून" असं सांगत होत्या.

गाडीच्या नोंदणीचं कार्ड पोस्टाने आलं त्या दिवशी आतोबांनी ते घरात उघडू दिलं नाही. गाडीचं पत्र गाडीतच. ते स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी.

"वाच गो चेडवा."

मी वाचलं. मालकीचा क्रमांक दोन होता, म्हणजे आतोबा गाडीचे दुसरे मालक, तोही वाचला. त्यांनी हातानेच तो बाजूला सारला. "नाव सगळा आसा? मधला पण?"

"मधलंही आहे. आणि खाली वडिलांच्या नावाची वेगळी ओळ असते. म्हणजे तुमच्या बाबांचं नाव दोनदा आलंय."

"बाबा रविवारी सायकल आणायचे," आतोबा म्हणाले. "तासावर, भाड्याची. माका दांडीवर बसवायचे. तास संपलो की धावत जाऊन परत द्यायचे, आणि मी मागून धावायचंय."

मग त्यांनी चारही काचा खाली केल्या. कंपाउंडमध्ये दूधवाला होता, पहिल्या मजल्यावर कोणी कपडे वाळत घालत होतं, आत्या खिडकीत होती.

"परत वाच," ते म्हणाले. "जरा मोठ्यान."

मी वाचलं. मोठ्याने.