स्ट्रेचरसाठी उतार

१९६५ च्या सप्टेंबरात, लढाई सुरू झाल्यावर, माझी नेमणूक उरणच्या किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या लष्करी रुग्णालयात झाली. मी नर्सिंग ऑफिसर, हुद्दा लेफ्टनंट. तीन तंबू, अठ्ठावीस रुग्ण. छावणीत बाई मी एकटीच. जेवणाचं ताट माझ्या तंबूत येई आणि तिथूनच परत जाई. ड्यूटीबाहेर दिवसभरात दहा वाक्यंही बोलणं होत नसे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. जवानांचं मराठी समजे, पण उत्तर द्यायला उशीर होई.

हवाई हल्ल्याची भीती होती. एका सकाळी हुकूम आला: संध्याकाळी सहाच्या आत चार खंदक. जवळच्या शेतावरून ट्रॅक्टर मागवला. तो नाईक हिंदुराव चालवत. आधी नांगराने जमीन उकरायची. मग जाड पत्रा वाकवून वर्कशॉपने केलेलं खोरं मागे जोडून माती ओढून काढायची. मांडीएवढं खोल झालं की ट्रॅक्टर पुढच्या खंदकाकडे जाई. उरलेलं जवान फावड्यांनी खणत आणि माती काठावरच टाकत.

"गावाकडं सरीत ऊस लावतो, मॅडम," हिंदुराव म्हणाले. "हितं माणसं लावायची."

मी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

पहिल्या खंदकात स्ट्रेचर उतरणार नव्हतं. एका टोकाला उतार हवा, असं मी खणण्याचं काम बघणाऱ्या सुभेदारसाहेबांना सांगितलं.

"होईल, मॅडम."

बाराच्या सुमारास शेजारच्या मिठागरातले एक म्हातारे बांधावर येऊन उभे राहिले. काठावरचा ढीग पाहून मला म्हणाले, "बाय, ती माती लांब कर. भरती चढली का खालून पानी येल. काठ बसंल."

"भरती केव्हा?"

"तीनला. आज मोठी हाय."

सुभेदारसाहेब चौथ्या खंदकाची दोरी आखत होते. माती हटवायची तर ट्रॅक्टर मागे आणावा लागणार होता.

"माती जरा लांब केली तर बरं होईल," मी म्हणाले.

"चौथा झाला की करू, मॅडम."

मी लेफ्टनंट होते. हुकूम देऊ शकत होते. भरतीचं तर बोललेच नाही. वॉर्डात परत गेले.

अडीचला चौथा खंदक नांगरून झाला. माती ओढायचं खोरं आणायला दोन जवान गेले. "तेवढ्यात मॅडमचा उतार कापतो," म्हणत हिंदुराव पहिल्या खंदकात उतरले.

तीनला पाच कमी असताना ओरड ऐकू आली. काठ ढिगासकट आत बसला होता. खाली पाणी दिसत होतं. ट्रॅक्टर जवळ नेला असता तर दुसराही काठ गेला असता.

"फावडी टाका! हातानं काढा!" सुभेदारसाहेब ओरडले.

हिंदुरावांचं डोकं मोकळं व्हायला अकरा मिनिटं लागली. मी त्यांच्या तोंडातली वाळू काढली, श्वास देत राहिले. साडेतीनला कॅप्टन डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सिस्टर, स्टॉप."

चौकशीत विचारलं गेलं, धोक्याची सूचना कुणाला मिळाली होती का? सुभेदारसाहेब सरळ समोर बघत उभे होते.

"मला, सर," मी म्हणाले. "मी ती पुढे सांगितली नाही."

विमानं आली नाहीत. लढाईत पडलेल्यांच्या यादीत हिंदुरावांचं नाव नाही. कागदोपत्री तो अपघात आहे. त्यांच्या पत्नीला मी पत्र लिहिलं: उतार मी मागितला होता, आणि भरतीची वेळ मला माहीत होती. पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.

नाईक हिंदुराव. वय एकोणतीस.