मधुकाकांचं नाक

मूर्तिजापूरला देशी दारूच्या दुकानासमोर आमचं धरणं चालू होतं, तिथेच फोन आला. मधुकाका गेले. आदल्या संध्याकाळीच त्यांनी बोलावलं होतं, "ये पोरी, सावान्यंची बाटली उघडू. अक्रोडाचा वास येते म्हंतात." दारूबंदीवाल्या पुतणीला हे आमंत्रण.

काकांची संत्र्याची बाग मोर्शीला, पण माल विकला जायचा नागपूरच्या नावावर. तो राग त्यांनी अमरावतीच्या घरात वाइनवर काढला. फ्रान्सला असलेल्या मुलीने शॅम्पेन आणली की हे तोंड फिरवत. त्यांना हव्या असत तिथल्याच, कुणी न विचारणाऱ्या पांढऱ्या वाइन... बर्गंडीने दुय्यम ठरवलेली आलिगोते, साव्हवाच्या डोंगरातली जाकेर, जुराची सावान्यं. पुढे एका तापात त्यांना वास येणं कायमचं थांबलं. मग नाक माझं, घोट त्यांचा. मी थेंब घेत नसे; पेला हुंगून सांगायची, ओला दगड, लिंबाची साल. ते डोळे मिटून घोट घेत, "आता आली," म्हणत. आमच्या पत्रकात मी दारूला विष म्हणते, आजही म्हणते. काका सुनावत, "विषाचा वास बाकी बराबर वळखतं तू."

दहाव्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून टोपली पालथी घातली. गेलेल्याच्या पुढच्या जन्माचं पाऊल उमटतं म्हणे. असल्या थोतांडावर मी गावोगाव बोललेय. सकाळी टोपली उचलली, तर पिठात एकच नीटस गोल. बाया म्हणाल्या, नागाचं वेटोळं. काकू माझ्याकडे पाहत राहिली. तो गोल पेल्याच्या बुडाचा होता... पेले कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली काकूच्या कमरेला.

"त्यायची बाटली उघड," काकू म्हणाली. "वास सांगून दे. मंग जातीन ते."

"मी नाई मानत हे, काकू."

"नोको मानू. उघड."

दिवस सरल्यावर त्यांच्या खोलीत पेला भरला, नाक खुपसलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. शेवटी अगरबत्ती पेटवून नाकाशी धरली. धूर डोळ्यांना झोंबला, वास आला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूने विचारलं, "अक्रोड कोनं फोडले वो तिकडे?"

माझं नाक अजून परतलेलं नाही. डॉक्टर सर्दी म्हणतात. पेला तिथेच आहे. रोज सकाळी काकू ती खोली उघडते आणि मला अकोल्याला फोन करून सांगते, आज कशाचा वास आहे.