विटकरी रंग उतरेपर्यंत

मुलांनो, परवा तुमची आई, माझी धाकटी बहीण, फोनवर म्हणाली, "साखर उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, आणि तोवर दवाखान्यातून सुटकाही नाही. कोंडल्यासारखं झालंय." मला तेव्हा काही सुचलं नाही. म्हणून हे लिहिते. तिला वाचून दाखवा.

नव्वदच्या दशकात मी इंदापूरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. नव्या चपलेनं उजव्या पायाचा अंगठा सोलला. साखरेनं पायाची जाणीव गेलेली, म्हणून दुखला नाही, आणि बघता बघता काळा पडला. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "साखर लवकर उतरली तर अंगठ्यावर भागेल. नाहीतर घोट्यापासून पाय जाईल."

रोज सकाळी नर्स एका निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. त्या रंगावर इन्शुलिन ठरायचं. माझा रंग रोज विटकरी.

खाटेवरून उतरायची बंदी होती. दुपारी भवानीनगरची सासरची माणसं यायची आणि खाटेला वेढा घालून बसायची. चुलतसासूबाईंनी नरसिंहपूरचे पेढे आणले. मी नको म्हटलं.

"परसादात कसली आलीय साखर? देवाचा हाय त्यो. का इंग्रजी शिकल्यावर देव चालत न्हाय?"

सगळे हसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी शिरा. भरला वर्ग नजरेनं गप्प करणारी मी, तिथं तोंड उघडायची ती खायलाच.

शेवटी डॉक्टरांनी सासूबाईंना घोट्याचं सांगितलं. त्या स्टूल घेऊन दाराशी बसल्या. चुलतसासूबाईंनी डबा उघडताच त्यांनी तळहात पुढं केला.

"हितं द्या. सुनंच्या वाटंचा मी खाते."

"अवो आक्का, पण आजारी ती हाय!"

"मग? सासूनं खाल्लेला देवाला पोचत न्हाय व्हय?"

चुलतसासूबाईंनी डबा त्यांच्या हातात ठेवला.

मी सुटले असं समजू नका. पाहुणे निदान संध्याकाळी परत जायचे. सासूबाई तिथंच झोपायच्या. भाकरी स्वतः मोडून द्यायच्या, शेवटचा घास गिळेपर्यंत बघायच्या. मी कूस बदलली तरी विचारायच्या, "काय खातीस गं?"

एका सकाळी नळी हिरवी निघाली, आणि ऑपरेशन ठरलं.

अंगठा गेला. चार बोटं आणि पाऊल अजून आहेत. त्यांवर मी आजही चालते.