मैथिलीचा दुसरा आवाज

मैथिली भयंकर घाबरट होती.

आज सकाळी ती गेली. दुपारपासून सगळे लिहितायत, 'फायटर होती', 'वाघीण होती'.

नव्हती यार. पाल दिसली की खुर्चीवर चढायची. लिफ्टमध्ये एकटी जायची नाही.

आणि तरी तिने काय केलं ते मी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही तिघं. मी सिंथवर, म्हणजे कीबोर्डवर, ओंकार लॅपटॉप आणि ड्रम मशीनवर, मैथिली गायची. मुलुंडला तिच्याच घरी, आतल्या खोलीत बँड सुरू झाला. नाव 'तिसरा मजला'.

चंदेरी जॅकेट्स, डोळ्यांवर ग्लिटर, इंग्लिश गाणी. आणि वर वर चढत जाणारा तिचा तो आवाज. लोक त्याच्यासाठीच यायचे. आम्ही दोघं काय वाजवतो, कोणाच्या लक्षातही नसायचं.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. कॅन्सर.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय. काढायला तर हवीच. आवाजाचं काही सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर भेटायला गेलो. ती बोलली आणि मी चक्क दाराकडे बघितलं. वाटलं, मागून दुसरंच कोणीतरी आलं.

जाड, फाटलेला, मध्येच नुसती हवा होणारा आवाज.

"एवढा वाईट आहे?"

"नाही गं."

"खोटं नको बोलूस. तुझे कान लाल झालेत."

कित्येक महिने बँड बंद होता. एक दिवस ओंकारने भीत भीत सुचवलं, जुन्या रेकॉर्डिंगमधून कॉम्प्युटरवर तुझा आवाज बनवू. कोणाला कळणार पण नाही.

मैथिली म्हणाली, "आणि स्टेजवर काय करू? तोंड हलवू? ती मुलगी गेली रे. आता ही आहे. हिच्यासाठी काहीतरी बनवा ना."

मग आम्ही सगळंच खाली आणलं. बीट हळू केला. सिंथचे चकचकीत सूर काढून टाकले, खाली फक्त एक घरघर ठेवली, सोसायटीचा पाण्याचा पंप चालू असल्यासारखी. मैथिलीने इंग्लिश सोडलं. आईच्या मालवणीत थोड्याच ओळी लिहिल्या आणि त्या गायल्या नाहीत, नुसत्या बोलल्या.

जॅकेट्स गेली, ग्लिटर गेलं. नव्या सिंगलच्या कव्हरवर फक्त तिचा गळा. टाक्यांचा व्रण स्पष्ट दिसेल असा.

काकू, म्हणजे तिची आई, फोटो बघून हादरल्या. "ह्यो व्रण लोकांका कित्याक दाखवतंस गो? माका भ्या वाटता."

"माका पण वाटता गे आये," मैथिली म्हणाली. "तरी ऱ्हवांदे."

सिंगल आलं. कमेंट्स आल्या.

'हे काय ऐकवलंत?'

'सिंगर बदलली का? जुनी झकास होती.'

ती एकेक वाचत बसली. शेवटी ओंकारने हातातून फोन काढून घेतला.

अंधेरीला लाँचचा शो होता. स्टेजमागे तिने माझं मनगट धरलं. बोटं बर्फ.

"आवाज आलाच नाही तर?"

"तर बीट वाजत राहील."

"आणि मग?"

"मग काय, मला नाही माहीत. माझीपण फाटलीय."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि स्टेजवर गेली.

बीट सुरू झाला. तिची ओळ आली. तिने तोंड उघडलं.

काही नाही.

बीट फिरून परत तिथेच आला. परत काही नाही. मागून कोणीतरी शिट्टी मारली. ओंकारकडे बघायची माझी हिंमत नव्हती. बोटं घामाने कीजवरून सरकत होती.

तिने माईक ओठांना टेकवला. स्पीकर्समधून तिचा श्वास ऐकू यायला लागला. नुसता श्वास. आत, बाहेर. हॉल हळूहळू गप्प झाला.

आणि त्या श्वासातूनच पहिली ओळ आली. अगदी खालून.

काही जण मध्येच उठून गेले, खोटं कशाला सांगू. पण उरलेले पुढे सरकत सरकत स्टेजला येऊन टेकले. गाणं संपलं तरी कोणी हललं नाही. टाळ्या उशिराच आल्या.

खाली उतरून मैथिली बाथरूममध्ये जाऊन ओकली. तोंड धुतलं. बाहेर येऊन विचारते, "पुढचा शो कधी?"

पुढे आणखी शो झाले. प्रत्येक वेळी ती तशीच थरथरायची, प्रत्येक वेळी जायची.

मग स्कॅनमध्ये दिसलं, छातीत पसरलंय.

परवा हॉस्पिटलमध्ये म्हणाली, "मला नाही जायचं रे. खूप भीती वाटते."

हात धरून बसलो. ओंकार पलीकडे बसला. काकू पाय चोळत होत्या.

आज सकाळी श्वास बारीक होत होत थांबला. नर्सने सांगितलं, तरी काकू बराच वेळ तिचे पाय चोळतच राहिल्या.

आत्ताच तिला पोचवून आलो. ओंकार काकूंजवळ थांबलाय. बँडचं पुढे काय, प्लीज कोणी विचारू नका.

मैथिली, आम्हा दोघांचा आणि काकूंचा तुला निरोप.

नीट जा गं.