थोरलीचं स्थळ

घरात एसी एकच, आणि त्यात झाडं राहतात. माझी वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसायच्या आणि घरी येऊन घटपर्णींचे लाड करायचे, हा तिचा संसार. या घटपर्णी उंच डोंगरावरच्या. पानाच्या टोकाला झाकणाचा घट, त्यात माशी पडली की जेवण झालं. पण नखरे विचारू नका. नळाचं पाणी चालत नाही, खत चालत नाही, रात्री पारा सोळाच्या वर गेला की बाईसाहेब रुसल्याच. म्हणून वहिनी स्वेटर-कानटोपी घालून त्यांच्या खोलीत झोपते आणि तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, बनियनवर हॉलमध्ये. पाच वर्षं झाली. झाडांसाठी राखलेल्या दमट हवेने त्याचं नाक चोंदतं, हे अधिकृत कारण.

सगळ्यात जुन्या झाडाला वहिनी ‘थोरली’ म्हणते. अकरा वर्षांत ते एकदाही फुललं नव्हतं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि फूल आल्याशिवाय काय ते कळत नाही. वहिनीला मात्र पहिल्यापासून खात्री, थोरली मुलगीच. तिला एकदा बी धरलेलं बघायचं होतं, बाकी काही नको. यंदा तुरा दिसला आणि दादाने डाव साधला.

“बी धरलं तर खोली तुझी. नाहीतर कुंड्या गॅलरीत आणि मी आत.”

गॅलरीतल्या उन्हात झाडं आठवडाभरही टिकली नसती. तरी वहिनी हो म्हणून मोकळी झाली.

स्थळ ठरलेलंच होतं. ओळखीचे एक काका होते, घड्याळं दुरुस्त करणारे आणि घटपर्णींचे वेडे; त्यांच्याकडचा नर आधी फुलला होता, त्याचे पराग त्यांनी डबीत घालून फ्रीजरमध्ये जपले होते. रविवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून डबी घेऊन आले. मी कुंडीसमोर खुर्ची मांडली. वरपक्ष म्हटल्यावर मान ठेवायला नको?

काकांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

“पोरी,” ते वहिनीला म्हणाले, “इथे पिवळे पराग दिसतायत. तुझी थोरली मुलगा आहे.”

शेकडो नळ्यांत कुणाचं रक्त कुणाचं, हे कधी न चुकलेली बाई घरच्या लेकीत फसली. मला हसू आलं होतं, पण तिचं तोंड बघून गिळलं. फार वाईट वाटलं मला. काका चहा न घेताच गेले. वहिनी नुसती पानं पुसत बसली.

शेवटी तीच म्हणाली, “शब्द म्हणजे शब्द. उचला.”

दादाने कुंडी उचलली, घट सांभाळत गॅलरीच्या दारापर्यंत नेली, दार उघडलं आणि तिथेच थांबला. मग परत आला आणि कुंडी जागेवर ठेवली.

“बाहेर फार उकडतंय,” तो म्हणाला. “नाही तग धरणार.”

वहिनीने मान वर केली. त्याच्या मानेवर उठलेल्या घामोळ्यांकडे ती बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “पण तुम्ही रोज बाहेरच झोपता.”